कोन्या मशीनचं?

मेश्रामबाईंच्या हातात काहीही दिलं तरी त्या आधी विचारायच्या, "कोन्या मशीनचं?" फ्लॉपी दिली तरी विचारायच्या, छापील कागद दिला तरी विचारायच्या. एकदा साहेबांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा मान खाली घालून रजिस्टर लिहिता लिहिता बाईंनी तेच विचारलं. साहेब म्हणाले, "माझ्या घरचं आहे हो." बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, पूर्ण वाचली आणि मगच पर्समध्ये ठेवली.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आमचं ऑफिस होतं. आजूबाजूच्या कोळसा खाणींसाठी आम्ही गणिताचे प्रोग्रॅम लिहायचो. जमिनीखालच्या कुठल्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यात, किती हवा पोचेल, फॅन वाढवला तर काय होईल, एखादं दार बंद केलं तर हवा कुठे वळेल, असे हिशेब हाताने करायला आठवडा लागायचा आणि मशीनवर अर्धा तास. अडचण एवढीच होती की निम्म्या खाणींत जुनं मशीन होतं आणि निम्म्या खाणींत दुसऱ्या कंपनीचं नवं. आम्ही प्रोग्रॅम एकदाच लिहायचो, पण तो दोनदा तयार करावा लागायचा, एकदा जुन्यासाठी आणि एकदा नव्यासाठी. तयार होताना त्याचे सात तुकडे पडायचे आणि ते जोडून पूर्ण प्रोग्रॅम व्हायचा. दोन्हीकडच्या तुकड्यांची नावं तीच असायची. ते एका जागी ठेवले तर कुठला कोणाचा हे नुसतं पाहून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

म्हणून बाईंचा नियम होता. आमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये दोन डिरेक्टरी करायच्या, जुन्याची एक, नव्याची एक. डिरेक्टरीला त्या कप्पा म्हणायच्या. "अलग ठेवजो गा," हे त्यांचं रोजचं वाक्य. फ्लॉपी बाहेर जाण्याआधी त्या कप्प्यातल्या फायलींची, बनल्याच्या वेळेसकट, यादी छापून मागायच्या, त्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायच्या, मग रजिस्टरमध्ये सही करायच्या. जुन्या मशीनची फ्लॉपी खाकी पाकिटात जायची, नव्याची निळ्या. पाकीट चुकलं तर त्या ते परत टेबलावर सरकवायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. समजावून सांगत नसत.

त्यांचं पद लायब्रेरियनचं होतं, पण त्या आल्या होत्या कार्डं पंच करायला, सत्तरच्या दशकात. तेव्हा प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचा, एका कार्डावर एक ओळ. त्या काळात कोणीतरी दोन प्रोग्रॅमचे गठ्ठे एकाच खोक्यात ठेवले आणि ते खोकं जिन्यावरून पडलं. बाईंनी दोन दिवस जमिनीवर सतरंजी टाकून हजारभर कार्डं निवडली. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "तवापासून माहा गुडघा दुखते," एवढंच पुढे जोडलं.

आम्ही तरुण पोरं त्यांना मागे 'अलगबाई' म्हणायचो. मी तर त्यात पुढे होतो. एकदा बाहेरून ऑफिसात फोन केला आणि पलीकडे आमच्यातलाच कोणी असेल असं धरून विचारलं, "काय रे, अलगबाई जागेवर आहेत का?" पलीकडून शांत आवाज आला, "अलगबाईच बोलून राहिली. काय काम होतं?" मी काम सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माफी मागायला गेलो. बाई डबा खात होत्या. म्हणाल्या, "बस." मी बसलो. त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "माह्या मायचं गाव नरखेडकडे. तिथच्या विहिरीवर तिले अलग उभं करत. वरून कोणी पाणी ओतलं तर घ्याचं, नाही तर घागर घेऊन वापस. त्याले काही कारण नव्हतं. मी दहाएक वर्साची असताना बाबांनी आम्हाले नागपुरात आणलं, दीक्षा घेतली, तवापासून आम्ही इथंच. आता मी फ्लॉपी अलग ठेवाले सांगतो, त्याले कारण आहे. कारण असलं का अलग ठेवावं. नसलं का नाही." मग त्यांनी भाजीचा डबा सरकवला. "खा. तिखट आहे." मी ते नाव पुन्हा घेतलं नाही. पण नियम पाळण्याइतकी अक्कल मला त्या भाकरीने आली नाही, हे पुढे दिसलं.

दसऱ्याच्या सुमारास बाई दरवर्षी दोन दिवसांची रजा घ्यायच्या. दीक्षाभूमीवर लांबून आलेले पाहुणे त्यांच्या नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या घरी उतरायचे. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक असायचा. त्या वर्षी त्या रजेवर गेल्या त्याच दुपारी सावनेरच्या पलीकडच्या एका खाणीची जीप आली. त्यांना नवी गॅलरी उघडायची होती आणि हवेचा सुधारलेला प्रोग्रॅम त्याच दिवशी हवा होता. दुसऱ्या एका खाणीची मागणी सकाळपासून पडली होतीच. ती जुन्या मशीनवाली आणि ही नव्या मशीनवाली.

मशीनमध्ये जागा कमी होती. दोन कप्पे करायचे तर आधी काहीबाही पुसावं लागलं असतं. जीपचा ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी वर येऊन दारात उभा राहायचा. मी एकाच कप्प्यात काम उरकायचं ठरवलं. आधी जुन्या मशीनसाठी सात तुकडे तयार केले, फ्लॉपीवर घेतले. मग ते तुकडे एकेक नाव टाइप करून पुसले आणि त्याच जागी नव्यासाठी तयार करायला घेतले. तयार करणारा प्रोग्रॅम हुशार होता. एखादा ताजा तुकडा जागेवर आधीच असेल तर तो पुन्हा बनवत नसे. त्यामुळे वेळ वाचायचा. मी सातांपैकी सहा तुकडे पुसले होते. सातवा राहून गेला. मशीनला तो जागेवर दिसला, ताजाही होता, म्हणून त्याने तो तसाच घेतला आणि जुन्या मशीनचा एक तुकडा नव्याच्या सहा तुकड्यांत जोडला गेला. मी प्रोग्रॅम चालवून पाहिला, आकडे आले. निळ्या पाकिटात फ्लॉपी घातली आणि रजिस्टरमध्ये बाईंच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली.

प्रोग्रॅम अडला असता तर बरं झालं असतं. दोन्ही मशीनं आतून एकाच जातीची असल्यामुळे तो अडला नाही, चालला. फक्त दशांशाचे आकडे दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने मांडले जायचे, आणि तो एक तुकडा ते चुकीचे वाचत होता.

रजा संपवून बाई आल्या त्या सकाळी त्यांनी आधी पाण्याचा ग्लास घेतला, मग रजिस्टर उघडलं. माझी सही पाहिली. म्हणाल्या, "यादी कुठं आहे?" मी म्हणालो, छापली नाही, पण कप्पा तसाच आहे. "छाप." मी छापली. त्यांनी पट्टी ठेवली, एकेक ओळ वाचली. शेवटपर्यंत जाऊन पट्टी पुन्हा पाचव्या ओळीवर आली.

"सहा तुकडे चारच्या पुढचे आहेत. हा एक पावणेतीनचा. पावणेतीनले तू काय करून राहिला होता?"

मी आठवून पाहिलं. पावणेतीनला मी जुन्या मशीनचं काम करत होतो. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"फ्लॉपी कुठं गेली?"

मी खाणीचं नाव सांगितलं. त्यांनी खाणीला ट्रंक कॉल लावला. अर्धा तास लाइन मिळाली नाही. मग त्यांनी साहेबांच्या नावे चिठ्ठी लिहिली, शिपायाकडे दिली आणि मला म्हणाल्या, "चाल." आम्ही सावनेरची एसटी पकडली. कोराडीजवळ वीज केंद्राच्या राखेने भरलेल्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती, तिथे गाडी वीसेक मिनिटं अडकली. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता नको."

सावनेरहून खाणीच्या ट्रकने आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. हवेचं बघणारे अधिकारी छत्तीसगढकडचे होते, हिंदी बोलायचे. त्यांच्या टेबलावर आमच्या प्रोग्रॅमचा छापील कागद पडला होता. त्या कागदावर विसंबून चारच्या शिफ्टची माणसं नव्या गॅलरीत पाठवायची होती. बाईंनी सांगितलं, हा कागद वापरू नका, यात चूक आहे.

ते म्हणाले, "मॅडम, कागज तो बराबर दिखता है. हवा भरपूर है."

"कागज हमारा ही है साब," बाई म्हणाल्या. "और हम ही बोल रहे हैं, गलत है. पहले हाथ से नापो."

ते जरा चिडले. आज फोनवर वरिष्ठांना कळवलं आहे, गॅलरी सुरू होणार, असं काहीतरी बोलले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "प्रोग्रॅम किसका है?" मी म्हणालो, माझा आहे, आणि चूक माझीच आहे. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि एका अनुभवी माणसाला हवा मोजायचं चक्रीसारखं यंत्र देऊन खाली पाठवलं.

त्याला परत यायला तासभर लागला. आम्ही बाहेर कडुलिंबाखाली बसलो होतो. शेजारच्या लांब बाकांवर चारच्या शिफ्टचे लोक डोक्याला दिवे लावून बसले होते. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी शेजाऱ्याच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी करत होतं. एकाने आमच्यासाठी चहा आणला.

तो माणूस वर आला आणि त्याने आकडा सांगितला. गॅलरीच्या टोकाला कागदावर होती त्याच्या निम्मीही हवा नव्हती, आणि गॅस जमायला लागला होता. अधिकाऱ्यांनी शिफ्ट दुसरीकडे वळवली. बाकांवरची माणसं उठली आणि गप्पा मारत निघून गेली. आपल्याबद्दल काही ठरलं हे त्यांना कळलंही नाही.

परतीच्या गाडीत मी बाईंच्या रागवण्याची वाट पाहत होतो. त्यांनी तिकिटं काढून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "बाकावर किती लोकं होते, तू मोजले?"

"नाही."

"बावीस," त्या म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

साहेबांचं म्हणणं होतं की काही झालं नाही तर लिहायचं कशाला. बाईंनी लिहिलं. हाताने दोन पानं. त्यात मी नियम मोडला हे होतं, माझी सही होती हे होतं, आणि आपल्या रजेच्या काळात दुसरं कोणी नेमावं म्हणून आपण तीनदा अर्ज दिले, ते फायलीत पडून आहेत, हेही होतं. खाणीत मी चूक कबूल केली, तेही एका ओळीत होतं. मी त्यांना गाठून विचारलं, "बाई, माझं नाव थोडं सौम्य करता आलं नसतं का?" त्या म्हणाल्या, "अर्धं लिवलं का ते खोटं होते. मी पुरं लिवलं." मला लेखी ताकीद मिळाली आणि खाणींच्या कामावरून काढून जुने कागद नीट लावायला बसवलं. मी दीड महिना त्यांच्याशी बोललो नाही. रोज सकाळी त्या माझ्याकडे लावलेल्या कागदांची यादी मागायच्या, मी टेबलावर ठेवून निघून यायचो.

अबोला त्यांनीच मोडला. एका दुपारी त्या डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "मले प्रोग्रॅम लिवाले शिकव." मी चकित झालो. त्यांनी पूर्वी दोनदा प्रोग्रॅमरच्या परीक्षेला बसायची परवानगी मागितली होती आणि पंचिंगमधून आलेल्यांना ती देत नाहीत असं उत्तर आलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत बसू लागलो. एका हातात भाकर आणि दुसऱ्या हाताचं एक बोट कळफलकावर, अशा त्या शिकल्या. न समजलेलं समजलं म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मलाही बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा नीट समजल्या.

तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. फार मोठा नव्हता, पानभर असेल. तो सुरू केला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न यायचा: कोन्या मशीनचं? उत्तर दिलं की तो त्या मशीनचा कप्पा शोधायचा, नसेल तर करायचा. आतलं सगळं पुसायचा, सातही तुकडे नव्याने बनवायचा, यादी छापायचा. त्या कप्प्याबाहेर एकही फाइल ठेवू देत नसे. उत्तर दिलं नाही तर काहीच करत नसे. मुद्दाम वेडीवाकडी उत्तरं देऊन मी तो तोडायचा दोन दिवस प्रयत्न केला. एका जागी फट सापडली, तिथे बाईंनी दोन ओळी वाढवल्या. मग तुटला नाही.

तो सगळ्या कामांना लागू झाला. एक दिवस वरून पाहणीला अधिकारी आले. साहेबांनी त्यांना हे दाखवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आमच्या या मुलाचं काम." बाई तेव्हा तळमजल्यावर टपाल घ्यायला गेल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ताकीद मिळालेल्या माणसाला असं ऐकायला मिळालं की काय वाटतं ते मला माहीत आहे. नंतर सांगू, असं मनात म्हटलं. आठवड्याने माझ्या नावे शाबासकीचं पत्र आलं आणि मी खाणींच्या कामावर परत गेलो. नंतर सांगू, असं मी पुढचे आठ महिने म्हणत राहिलो. या आठ महिन्यांत आम्ही रोज एकत्र जेवत होतो.

मग मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या रविवारी बाईंनी घरी जेवायला बोलावलं. त्यांचे यजमान कापड गिरणीत होते. ते रविवारच्या पाळीला गेले होते. बाईंनी पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा हातात धरून सगळं सांगून टाकलं. पाहणीचा दिवस, साहेबांचं वाक्य, माझं गप्प बसणं, शाबासकीचं पत्र.

बाईंनी माझ्या ताटात भात वाढला. म्हणाल्या, "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"ते पत्र आवक रजिस्टरले चढलं का नाही? रजिस्टर कोण लिवते?"

मी हातातला घास ताटात ठेवला. विचारलं, "मग तुम्ही बोलल्या काहून नाही?" त्यांच्या घरात बसून माझ्या तोंडी त्यांचीच बोली आली होती.

"तू सांगतो का नाही, ते पाहून राहिली होती," बाई म्हणाल्या. "जेव आता. थंडं होऊन राहिलं."

सोमवारी मी साहेबांच्या नावे दोन पानं लिहिली. प्रोग्रॅम कोणाचा, कल्पना कोणाची, मी तो किती तोडून पाहिला, पाहणीच्या दिवशी मी काय बोललो नाही आणि का, सगळं. सकाळी पहिलं टपाल म्हणून ते बाईंच्या टेबलावर ठेवलं, कारण नोंद त्यांनाच करायची होती. त्यांनी उभ्यानेच वाचलं. शेवटी मी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल एक मोठं वाक्य लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे काढ. काय झालं तेवढंच राहू दे." मी वाक्य खोडलं. त्यांनी शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पत्र साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

साहेब चिडले, पण पत्र नोंदलेलं होतं. पुढच्या खेपेला बाईंना परीक्षेला बसू दिलं. पुण्याला मला त्यांचं एकच आंतरदेशीय पत्र आलं. पास झाले, असं त्यात होतं. हाताखाली दोन नव्या मुली आल्या आहेत, त्यांना शिकवायचं आहे. गुडघा दुखतो. पुढे काही वर्षांनी ऑफिसच्या शिपायाकडून कळलं की बाई वारल्या, आणि अंत्ययात्रेला सावनेरच्या पलीकडच्या त्याच खाणीवरून एक जीप आली होती. कोण आलं होतं ते त्याला माहीत नव्हतं.